आठ आण्यांचा कुत्रा : मुंबई, जून १८३२

कुत्र्यांवरून मुंबईत एकदा दंगल झाली होती, बाजार बंद पडला होता आणि लष्कर बोलवावं लागलं होतं, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलोच होतो. पण कागद नीट वाचत गेलं की लक्षात येतं, भांडण फक्त कुत्र्यांच्या जिवाचं नव्हतं. दारात बसलेला हा कुत्रा कोणाचा आहे आणि ते ठरवायचं कोणी, यावरून ते पेटलं होतं.

तेव्हाची मुंबई म्हणजे कोट आणि कोटाबाहेरची दाट वस्ती. भटक्या कुत्र्यांना मारण्याची सोय कंपनी सरकारने १८१३ पासूनच करून ठेवली होती. मारायचं ते वर्षातल्या ठराविक दिवसांतच, मुख्यतः उन्हाळ्यात, कारण कुत्री उन्हाने पिसाळतात असा समज होता. (समज चुकीचा. रेबीज हा विषाणूचा रोग आहे, तो बाराही महिने होतो.) १८३२ साली ही मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेली. आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस होतं आठ आणे.

आता आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. त्या काळच्या गरीब माणसाला ही काही लहान रक्कम नव्हे. मग कुत्री पकडणाऱ्याने काय करावं? रस्त्यावरचा कुत्रा हुशार असतो, काठी दिसली की पळतो. पाळलेला कुत्रा मात्र दारात बसलेला असतो, माणूस जवळ आला तर शेपूट हलवतो. बक्षीस दोघांचं सारखंच. तेव्हा हे लोक ओट्यावरची, अंगणातली, अगदी घरातली कुत्री ओढून नेऊ लागले, अशा तक्रारी सुरू झाल्या. सरकारला पिसाळलेली कुत्री नको होती हे खरं, पण पैसे ते मोजत होतं मेलेल्या कुत्र्याचे. तो पिसाळलेला होता की नाही, हे बघणारं कोणीच नव्हतं.

६ जून १८३२, बुधवार. पारशांचा तो पवित्र दिवस होता. कोटात कुत्री मारण्याचं काम चालू होतं. दोनेकशे पारशांच्या जमावाने दोन युरोपीय कॉन्स्टेबलना गाठून मारहाण केली. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडलीच नाहीत. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमानही आले. कुलाब्याच्या छावणीत सैनिकांसाठी जाणारी रसद लोकांनी अडवली. कुलाबा तेव्हा वेगळं बेट होतं बरं का, कॉजवे १८३८ चा. रसद अडली की तिथे थेट उपासमारच. शेवटी दंगलीचा कायदा वाचून दाखवला गेला, फौज आली, धरपकड झाली, खटले चालले आणि काहींना शिक्षा झाल्या.

पारशी एवढे का चिडले? एक कारण सगळ्यांना ठाऊक असतं : सगदीद. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याशिवाय अंत्यविधी पुरा होत नाही. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी उत्तम. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो वेंदिदाद हा त्यांचा धर्मग्रंथ. त्यात कुत्र्यासंबंधी जे नियम आहेत, ते आजच्या कुठल्याही पशुवैद्याला पटतील. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याला वाईट अन्न देणं हा गुन्हा, आणि कसा? तर घरच्या कर्त्या माणसाच्या ताटात वाईट अन्न वाढल्यासारखा. व्यायलेली कुत्री ज्याच्या आवारात असेल त्याने तिला सांभाळायचं, पिल्लं स्वतःचं पोट भरू लागेपर्यंत. आणि पिसाळलेल्या कुत्र्याबद्दल तर दोन गोष्टी एका दमात सांगितल्यात. एक, त्याच्यावर माणसासारखे उपचार करून बघा. दोन, त्याच्या गळ्यात लाकडी जोखड घालून त्याला खांबाला बांधा. न बांधलेल्या कुत्र्याने मेंढरू मारलं किंवा माणसाला जखमी केलं, तर मग मोठी भरपाई.

इथे जरा थांबू या. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या धर्मात त्याला बांधून ठेवण्याचा नियम आहे. ‘माया करतो, मग मोकळं सोडतो’ असं म्हणणाऱ्यांनी हे मुद्दाम बघावं. आमच्या सोसायटीत असे तिघे-चौघे आहेत, त्यांना मी हा भाग पाठवणार आहे.

दंगलीच्या वेळी मात्र मुंबईतल्या कुत्र्यांची व्यवस्था कशी होती? गल्लीने खाऊ घातलेला कुत्रा गल्लीचा. भाकरी सगळेच टाकत, पण तो चावला तर जबाबदार कोण, हे कोणी सांगू शकत नव्हतं. मी पारशांच्या बाजूने बोलतोय असं वाटेल, आणि बराचसा बोलतोयही. पण कंपनीचा अधिकारीही अगदीच वेडा नव्हता. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर काय होतं, हे त्याने पाहिलं असणार, आणि त्यावर १८३२ साली जगात कुठेही औषध नव्हतं.

वाट निघाली ती शेटियांमुळे. जमशेटजी जीजीभाई आणि इतर प्रतिष्ठितांनी सरकारकडे अर्ज केला. दंगलीपासून स्वतःला दूर ठेवलं, पण मागणी सोडली नाही : कुत्री मारू नका, शहराबाहेर न्या. सरकारने ते मानलं. मग १८३४ मध्ये जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. ती आजही आहे. एका पारशाने आणि एका जैनाने मिळून काढलेली ही संस्था, आणि तिच्या मुळाशी कुत्री आहेत, हे तिथल्या गाईंना चारा घालणाऱ्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

पण रेबीजचा प्रश्न पांजरापोळीने सुटणारा नव्हताच. त्यासाठी ६ जुलै १८८५ उजाडावा लागला. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली आणि तो वाचला. माणसाच्या आधी त्यांनी ती कुत्र्यांवर वापरून पाहिली होती, ही गोष्ट आपण विसरतो. भारतात कसौलीला १९०० साली पाश्चर संस्था सुरू झाली, मग १९०७ साली कुन्नूरला. कसौलीच्याच डेव्हिड सेंपल यांच्या लशीमुळे ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत आला. तसली लस आता बंद झाली, भीती मात्र अजून शाबूत आहे.

या लशीने १८३२ चं सगळं गणितच बदललं. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत रेबीज कुत्र्यामुळे होतो, आणि परिसरातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली तर त्याचा फैलाव थांबतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठ आणे देऊन जे साधलं नसतं, ते पिल्लू तीन महिन्यांचं झालं की एका टोचणीने आणि पुढे वेळच्या वेळी बूस्टरने साधतं. चावलाच कुत्रा, तर जखम आधी साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद नको, चुना नको, मिरची तर नकोच नको.

आणि ‘कोणाचा कुत्रा?’ या प्रश्नाला मुंबई महापालिकेचं उत्तर आज आहे परवाना. तो काढायला लस टोचल्याचा दाखला लागतो. लोक मात्र हजारो रुपयांचं पिल्लू घेतात आणि परवान्याच्या नावाने नाक मुरडतात. पट्ट्यावर फोन नंबर लिहायलाही आळस. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा पळाला, की मग सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो. सापडला तर ठीक, नाहीतर तोही रस्त्यावरचा एक. १८३२ च्या कोटात दारात बसलेल्या कुत्र्याची नेमकी हीच अडचण होती. तो अमक्याचा आहे, हे त्याच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातला कुत्र्याचा परवाना किंवा नंबराचा बिल्ला जपून ठेवलेला असेल, तर फोटो पाठवा. कुठल्या शहराचा, कुठल्या सालचा, आणि कुत्र्याचं नाव काय होतं, तेही लिहा.