डावा हात आणि धर्मग्रंथ

एखाद्याला बाजूला सारले की आपण त्याला 'डावलले' म्हणतो. भरवशाचा माणूस मात्र साहेबांचा 'उजवा हात'. दोघांत सरस तो 'उजवा'. मराठीने हा निवाडा कधीच देऊन टाकला आहे.

याचे एक मूळ दिशांत आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला येते ती दक्षिण. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवाही. अरबीत 'यमीन' म्हणजे उजवा हात आणि त्याच्याच नात्यातला यमन देश दक्षिणेला. डावीकडे, उत्तरेला, शाम, म्हणजे सीरिया. आमच्या घरात बोलली जाणारी दखनी ही अशा हिशेबाने उजव्या हाताची भाषा ठरते!

सांगली-मिरजेकडे वाढलेल्या माणसाला दर्गा, देऊळ आणि चर्च हाकेच्या अंतरावर असते. मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ सालचे. तिथल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडूनच बायबल माझ्या हाती आले. त्यात 'शास्ते' नावाच्या पुस्तकात एहूद भेटतो. हा बन्यामीन वंशातला. बन्यामीन म्हणजे 'उजव्या हाताचा पुत्र', आणि एहूद नेमका डावखुरा! मूळ इब्री शब्दांचा अर्थ 'उजवा हात बांधलेला' असा आहे. कपड्याखाली उजव्या मांडीला त्याने तलवार बांधली, डाव्या हाताने ती उपसली आणि मवाबचा राजा एग्लोन याला मारून आपल्या लोकांना जुलमातून सोडवले. याच वंशात सातशे डावखुरे गोफणवाले होते, केसावरसुद्धा नेम चुकू न देणारे. डावखुरेपणाबद्दल तिथे निंदेचा शब्द नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा मात्र डावा हात खरोखरच बांधला गेला. जेवायला बसली की दादी तिचा हात ओढणीने पाठीशी बांधायची. शाळेत डाव्या हाताने पेन्सिल धरली की बोटांवर पट्टी बसायची. दादी हदीसचा आधार द्यायची. उजव्या हाताने जेवावे, ही शिकवण आहेच. पण तो प्रसंग मी पुढे वाचला. पैगंबरांच्या घरात वाढणाऱ्या त्यांच्या सावत्र मुलाचा, उमर बिन अबी सलमाचा, हात ताटात चौफेर फिरत होता. त्यांनी त्याला सांगितले, अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या पुढ्यातले खा. एवढेच. त्यात ओढणी नाही, पट्टी नाही, आणि लिहिण्याचा तर विषयच नाही.

मग न्यायाच्या दिवशी डावीकडे उभे राहणारे कोण? मत्तयाच्या २५व्या अध्यायात उजवीकडे ते आहेत ज्यांनी भुकेल्याला जेवू घातले, परक्याला घरात घेतले. ज्यांनी तसे केले नाही ते डावीकडे. कुरआनच्या ९०व्या सूरेत 'उजवीकडचे' कोण, तर गुलामाला मुक्त करणारे, उपासमारीच्या दिवशी अनाथाला घास देणारे, ईमान राखणारे, एकमेकांना दयेची आठवण देणारे. दोन ग्रंथ, शतकांचे अंतर, आणि खूण जवळजवळ तीच. घास कोणत्या हाताने दिला, हे दोन्हीकडे विचारलेले नाही.

हिंदू परंपरेतही शुभकार्यात जानवे डाव्या खांद्यावर असते आणि पितृकार्यात ते उजव्या खांद्यावर जाते. ते 'अपसव्य'. औदुंबरला दत्ताची प्रदक्षिणा देव उजव्या हाताला ठेवूनच घालतात. पण गणपतीपाशी हिशेब उलटतो. उजव्या सोंडेचा कडक, सोवळ्याओवळ्याचा मानतात. घरोघर येतो तो बहुधा डाव्या सोंडेचा, चुकले तरी सांभाळून घेणारा. रखुमाई विठ्ठलाच्या डावीकडेच. संस्कृतात 'वाम' म्हणजे डावा, प्रतिकूल आणि सुंदरही. आणि साताऱ्याकडे धोम धरणाला उजवा कालवा आहे तसा डावाही. डाव्या कालव्याचे पाणी अशुभ म्हणून कुणा शेतकऱ्याने पाळी सोडल्याचे मी ऐकलेले नाही.

बहीण आज मिरजेत शिवणकाम करते. जेवते उजव्या हाताने, कापड बेतते आणि कापते डाव्या. नेहमीची कात्री तिला जड जाते, म्हणून डावखुऱ्यांसाठीची वेगळी मागवून घेतली आहे. दुकानातली पोरगी ती कात्री चुकून उचलते आणि कापड नीट कापले जाईना म्हणून कुरकुरते.