सैल तारेचं गोत्र

फ्यूनरल डूम, म्हणजे डूम मेटलचा अतिसंथ प्रकार, ऐकणारे या संगीताबद्दल बोलायला लागले की मृत्यू, विरह, हिमयुग असले शब्द येतात. कूळ शोधत मागे गेलं तर मात्र आपण पोचतो बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात. १९६५ साली तिथल्या यंत्रात १७ वर्षांच्या टोनी आयोमी या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि पातळ तारा लावल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममध्ये त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडची गिटार तीन अर्धस्वर खाली उतरली. तार सैल झाली की बोटांना त्रास कमी आणि आवाज जड. डूम मेटलचं गोत्र इथलं.

मधल्या पिढ्या भराभर सांगता येतील. स्वीडनच्या कँडलमासने १९८६ मध्ये या जडपणाला भव्य, नाटकी गळा दिला. नंतर डेथ मेटलची गुरगुर त्यात मिसळली. १९९० च्या सुमारास डेथ मेटलवाले वेगाच्या मागे लागलेले असताना फिनलंडमधली काही पोरं उलट्या दिशेला निघाली. कोक्कोला या किनाऱ्यावरच्या गावातल्या थर्गोथॉनचा एकुलता एक अल्बम, ‘स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स’, १९९४ मध्ये इटलीतून निघाला, तोवर बँड मोडलाही होता. त्यांचा ड्रमर योरी शोरूस पुढे पीएमएमपी या लोकप्रिय फिनिश पॉप जोडीची गाणी रचू लागला. मूळपुरुषाने असं करावं, याचं मला भारी कौतुक वाटतं. त्यांच्या ‘इव्होकन’ या गाण्याचं नाव न्यू जर्सीतल्या एका बँडने स्वतःला लावून घेतलं, आणि वंश अमेरिकेत पोचला.

तरी या घराण्याचा पाया माझ्या मते फिनलंडमधल्याच रिहिमाकीच्या स्केप्टिसिझम या बँडने घातला. १९९२ च्या पहिल्या सिंगलवर ते डेथ मेटलच वाजवत होते. १९९५ च्या ‘स्टॉर्मक्रोफ्लीट’मध्ये मात्र बेस गिटार नाहीच, तिच्या जागी ऑर्गनसारखा घुमणारा कीबोर्ड. गिटारचा एक कॉर्ड पडतो आणि डिस्टॉर्शनमुळे लांबत राहतो. तो विरत असताना खालून ऑर्गन वर येतो. ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये आरामात एक श्वास घेऊन होतो. विलंबित एकतालाची आठवण आपल्या कानाला होणारच, पण तिथे मधली जागा तबलजी भरतो. इथे ती जागा विझत जाणाऱ्या नादाने भरते. डिस्टॉर्शन काढून घ्या, इतकी संथ लय कोसळेल. म्हणून हा अल्बम ऐकताना चालीच्या मागे न लागता प्रत्येक स्वर कसा संपतो इकडे कान द्यावा. २०१८ मध्ये तो नव्याने मिक्स होऊन आला, जास्त स्वच्छ. मला जुना, गढूळ आवाजच बरा वाटतो. त्यात गिटार कुठे संपली आणि ऑर्गन कुठे सुरू झाला, ते कळत नाही.

ही मंडळी मंचावर काळ्या औपचारिक पोशाखात उभी राहतात. २०१५ चा ‘ऑर्डील’ हा अल्बम तर त्यांनी तुर्कूमध्ये प्रेक्षकांसमोरच रेकॉर्ड केला. एवढ्या संथ वादनात चूक लपवायला जागा नसते, तेव्हा हे धाडसच.

‘फ्यूनरल’ या नावातली शवयात्रा पुढे एका बँडच्या वाट्याला खरोखरच आली. सिअ‍ॅटलच्या बेल विचचा पूर्वीचा ड्रमर एड्रियन गेरा २०१६ मध्ये गेला. पुढच्या वर्षीच्या ‘मिरर रीपर’मध्ये ८३ मिनिटांची एकच रचना आहे आणि तिच्या एका भागात त्याचा आधी रेकॉर्ड झालेला आवाज येतो. स्केप्टिसिझमने बेस वगळला होता, यांनी गिटार वगळली. सगळा भार बेसवर आहे, ऑर्गन मात्र इथेही आहेच.