पनवेल खाडीकाठची खारभूमी आणि बेडकांचा अधिवास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पनवेलच्या इतिहासलेखनात बंदर, व्यापार व मिठागरे यांचा उल्लेख वारंवार येतो. बेडकांचा येत नाही. वास्तविक त्यांच्या अधिवासाचा ऱ्हास हा येथील भूमिवापराच्या इतिहासाचाच भाग आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचा आढावा घेतला आहे.

खारबंदिस्ती आणि गोडे पाणी :
बेडकांची त्वचा पाणी झिरपू देणारी असल्याने बहुतेक जाती खाऱ्या पाण्यात तग धरू शकत नाहीत. कोकणातील शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले, उघाडीवाटे जादा पाणी बाहेर सोडले आणि जमीन भातपिकाखाली आणली. पावसाळ्यात या खाचरांत साचणारे गोडे पाणी बेडकांचे प्रजननस्थान ठरले. म्हणजेच हा अधिवास मानवी श्रमातून घडला. १९४८ व १९७९ च्या खारभूमीविषयक अधिनियमांनी बांधांना शासकीय आधार दिला. मात्र त्यांचा हेतू शेतीपुरता होता.

संरक्षणाचे दोन प्रवाह :
तंगड्यांच्या निर्यातीसाठी भारतात बेडकांची मोठ्या प्रमाणावर पकड होत असे. १९८५ मध्ये भारतीय मोठा बेडूक साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातीवर बंदी घातली. दुसरीकडे १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना व मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश यांमुळे तिवरांना संरक्षण लाभले. बांधाआतील भातखाचरांची मात्र बेडकांचा अधिवास म्हणून स्वतंत्र दखल घेतली गेली नाही.

नागरीकरणाचा परिणाम :
१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व भूसंपादन सुरू झाले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात शेतकऱ्यांनी रास्त मोबदल्यासाठी प्राण दिले. पुढे विमानतळासाठी भराव झाला, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. भराव न झालेल्या ठिकाणीही शेती थांबली की बांधांची डागडुजी थांबते, खांड पडते आणि खारे पाणी आत शिरते. अशा पडीक शेतांत तिवरे वाढतात. त्यामुळे हिरवे आच्छादन वाढल्याचे दिसत असतानाच बेडकांचे गोडे पाणी नाहीसे झालेले असते.

समारोप :
ब्रिटनमध्ये किनारी वाळूच्या टेकड्यांतील डबक्यांत वाढणाऱ्या नॅटरजॅक भेकाबरोबर त्याच्या निवाऱ्याच्या जागांनाही कायद्याचे संरक्षण आहे. पनवेल परिसरातही उरलेल्या खाचरांची नोंद करणे, बांध दुरुस्त ठेवणे आणि ते राखणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा मोबदला देणे आवश्यक आहे. शेतकऱ्याला वगळून हा अधिवास टिकणार नाही, हेच त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.