नोजकोन आणि पैसा फंड

हौशी रॉकेटला पुठ्ठ्याची नळी चालते, बाल्साच्या लाकडाचे पंख चालतात; अडतं ते टोकाशी. नोजकोन म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारी निमुळती, गुळगुळीत टोपी. 25 मिलिमीटरच्या नळीसाठी ती दहा ग्रॅमची आणि प्लास्टिक 200 रुपये किलो धरलं, तर माल दोन रुपयांचा. पण ती काढायचा स्टीलचा साचा, समजा, तीन लाखांचा आहे. टोप्या 300 काढल्या तर एकेकीवर साच्याचेच हजार रुपये चढतात. 30,000 काढल्या तर दहा. एका शॉटला, म्हणजे साचा एकदा भरून एक टोपी काढायला, अर्धं मिनिट धरलं तर त्या 300 टोप्या अडीच तासांत संपतात आणि लाखो शॉट झेलू शकणारा साचा तेल लावून रॅकवर जातो.

पहिली वस्तू हातात येण्याआधीच सगळा पैसा मागणारी ही चीज मावळाला नवी नाही. तिचा माग काढत गेलो की मी तळेगाव दाभाड्याला, 1908 सालात पोचतो. त्याआधीच अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून देशी उद्योग उभारायचं ठरवलं. तेव्हा रुपयाचे 64 पैसे होत. म्हणजे हजार रुपयांना 64,000 माणसं लागत! टिळक पाठीशी उभे राहिले आणि त्या पैशांतून तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तो सुरू करायला परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते. तिथे काच घडत होतीच, शिवाय काचकाम शिकलेली माणसंही घडत होती. मला या कारखान्याचा अभिमान वाटतो तो यासाठी, की आधी लागणारं भांडवल त्याने कुणा एका धनिकाकडे मागितलं नाही.

काचेचं या टोपीशी नातं केवळ पैशापुरतं नाही. काचवाला फुंकणीच्या टोकाला वितळलेला गोळा घेतो, दोन पाख्यांच्या साच्यात धरतो आणि फुंकतो. काच फुगून साच्याच्या भिंतींना टेकते. प्लास्टिकवाल्यांनी हीच युक्ती उचलली, तिला ब्लो मोल्डिंग म्हणतात. रॉकेटच्या कितीतरी पोकळ टोप्या अशाच फुगवून काढलेल्या असतात. यात दाब कमी, म्हणून साचाही हलका आणि स्वस्त. इंजेक्शन मोल्डिंगचं घराणं वेगळं: अमेरिकेत हायट बंधूंनी 1872 मध्ये सेल्युलॉइड दाबाने साच्यात भरणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे 1946 मध्ये जेम्स हेन्ड्री यांनी दट्ट्याच्या जागी फिरणारा स्क्रू आणला. तिथे दाब प्रचंड असल्याने पोलाद जाड लागतं, कोअर-कॅव्हिटी, म्हणजे साच्याचा आतला गाभा आणि बाहेरची पोकळी, काटेकोर जुळावी लागते आणि खर्च वाढतो.

रॉकेटचा छंदही अमेरिकेतलाच. नेब्रास्कात चपलांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी 1954 मध्ये तो सुरू केला. 1958 मध्ये व्हर्न एस्टिस यांनी साडेपाच सेकंदांना रॉकेटची एक मोटर भरणारं यंत्र बांधलं. टोप्या मात्र सुरुवातीला बाल्साच्याच. सावंतवाडीचा कारागीर लाकडी खेळणं उतरवतो तशाच त्या लेथवर उतरवल्या जात. तिथे साचाच नाही, म्हणून दहा केल्या काय आणि शंभर केल्या काय, प्रत्येकीचा खर्च सारखाच. प्लास्टिक आलं ते गिऱ्हाईक हजारांनी मोजता येऊ लागल्यावर. तरीही एकच टोपी अनेक किटांत वापरली गेली; पंख बदलले, रंग बदलला, साचा तोच.

साचा करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. ट्रक बनवणारी टेल्को कंपनी 1966 मध्ये पिंपरी-चिंचवडला आली ती टूलरूम आणि प्रशिक्षण घेऊन. आज भोसरी, चाकण, तळेगावात विजेच्या ठिणग्यांनी (स्पार्कवर) पोलादात कॅव्हिटी काढणारे आणि हाताने पॉलिश मारणारे फिटर आहेत. कमी आहेत ती गिऱ्हाइकं. एका कॉलेजच्या क्लबला वर्षाला 40-50 टोप्या पुरतात. तेवढ्यासाठी थ्रीडी प्रिंटरच बरा, त्याचे थर घासत बसावं लागलं तरी.

पण पैसा फंडाच्या रीतीने दहा-बारा क्लब एकत्र आले तर मोल्ड बेस, म्हणजे साच्याचा बाहेरचा सांगाडा, एकच ठेवून टोपीला आकार देणारे आतले इन्सर्ट बदलता येतात. बेसचा खर्च सगळ्यांत वाटायचा, इन्सर्टचा ज्याचा त्याने उचलायचा. त्याआधी नळीचा आतला व्यास मात्र सर्वांनी एकच ठरवायचा; मग कुणाचीही टोपी कुणाच्याही नळीवर बसेल.