उलव्याची जमीन आणि उलव्याचे मत

आज उलवे या नावाने जी वसाहत ओळखली जाते, ते मूळचे उलवे नव्हे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांत जुने उलवेही उठले. नाव तेवढे उरले, आणि ते हजारो नव्या बिऱ्हाडांनी घेतले. अशा गावाचा राजकीय इतिहास सांगावयाचा तर राजवटींची नामावळी आम्हांला फारशी उपयोगी पडत नाही. जमिनीचा उतारा अधिक बोलतो.

पनवेल-उरणचा मुलूख १८८३ मध्ये ठाण्याकडून कुलाबा जिल्ह्यात आला. (१९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड.) आगरी, कोळी, कराडी ही येथली जुनी वस्ती. बांध घालून खारे पाणी अडवावे, भात पिकवावे, मिठागरात राबावे, खाडीत मासळी धरावी. पण कसणाऱ्याच्या नावावर जमीन क्वचितच. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि कूळ मालक मानले गेले ते १ एप्रिल १९५७ पासून. त्याच वर्षी शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील पनवेलमधून विधानसभेवर गेले. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, हे मान्य. तरी पुढे ते आणखी चार वेळा निवडून आले, ते काही लाटेच्या बळावर नव्हे.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घ्यावयाच्या ठरल्या. कुळांच्या मालकीला तेव्हा पुरती तेरा वर्षेही झाली नव्हती! पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहून हाती आलेली वस्तू इतक्या लौकर सोडावयाची होती, हे ध्यानी घेतल्यावाचून जानेवारी १९८४ चे जासई आंदोलन उमगणार नाही. १६ आणि १७ तारखांच्या गोळीबारांत पाच माणसे गेली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले.

आता शिरगणतीकडे वळू. २००१ ते २०११ या दशकात रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २२,०७,९२९ वरून २६,३४,२०० झाली. एकट्या पनवेल तालुक्यात ती सुमारे सव्वाचार लाखांवरून साडेसात लाखांवर गेली. म्हणजे जिल्ह्याच्या वाढीतला तीन चतुर्थांश वाटा या एका तालुक्याचा. २००९ पासून लोकसभेसाठी पनवेल-उरणचे मतदार घाटावरच्या पिंपरी-चिंचवडबरोबर मावळ मतदारसंघात मोजले जातात. जुन्या वस्तीचे मत या गर्दीत किती भरणार? मात्र जून २०२१ मध्ये विमानतळास दि. बां.चे नाव द्यावे म्हणून याच गावांतून हजारो माणसे रस्त्यावर उतरली. त्यांतल्या कित्येकांचा जन्मही १९८४ नंतरचा होता.