भूमिगत निधीचें स्वामित्व

सन 1778 च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलीहून निघून हल्लींच्या खालापूर तालुक्यांतील खोपोलीच्या बाजूनें बोरघाट चढली. ता. 4 जानेवारी 1779 रोजीं कारल्यास तिच्यांतील स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टूर फांकडा, पडला. पुढें वडगांवीं तह करून ती फौज सुटली. या धामधुमींत घाटाखालच्या एखाद्या गृहस्थानें आपले रुपये हंड्यांत घालून परसांत पुरले, व तो परत आला नाहीं, अशी कल्पना करूं. आज तेथें शेत आहे आणि नांगराच्या फाळास तो हंडा लागला. हें धन पुरणाऱ्याच्या वंशजाचें, शेताच्या धन्याचें, नांगऱ्याचें, कीं सरकारचें?

याज्ञवल्क्याच्या वचनाचा सरळ अर्थ असा कीं, सामान्य मनुष्यास निधि सांपडल्यास राजानें षष्ठांश घ्यावा. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत वसिष्ठाचा आधार देऊन तें नेमकें उलटें लावतो: षष्ठांश शोधणाऱ्यास, बाकी सर्व राजास. (टीकाकार चालुक्यांच्या कल्याणीस राहणारा होता, हें येथें विसरूं नये.) विद्वान ब्राह्मणास मात्र सर्व निधि मिळे. खरा धनी पुढें आल्यास मनु राजास सहावा किंवा बारावा हिस्सा देतो, आणि लबाडीनें हक्क सांगणाऱ्यास त्याच्या वित्ताच्या अष्टमांशाचा दंड करतो. कौटिल्याच्या मतें शोधणाऱ्यास सहावा, तो चाकर असल्यास बारावा. लक्षावरील निधि राजाचा. आणि गुपचूप लाटणाऱ्यास हजार पण दंड. शोधणाऱ्याचा हा हिस्सा कृपा म्हणून दिलेला नाहीं. धन उजेडांत यावें म्हणून मोजलेली ती किंमत आहे, असें आमचें मत आहे.

सन 1878 चा निखात निधीचा कायदा अद्याप अमलांत आहे. दहा रुपयांवरील निधि सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. न कळविल्यास वर्षापर्यंत कैद होऊं शकते. निधि म्हणजे केवळ नाणीं नव्हेत. जमिनींत दडलेली कोणतीही मोलाची वस्तु त्यांत येते. तेव्हां ताम्रपटवाल्यांनींही हा कायदा वाचावा. आपण अथवा आपल्या पूर्वजानें तें धन शंभर वर्षांच्या आंत पुरलें असें कोणी म्हणत असल्यास दिवाणी दाव्याची मुभा आहे. एरवीं तें बेवारशी ठरून, आपसांत करार नसल्यास, तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जमिनीच्या धन्यास मिळतें. कायदा झाला त्याच वर्षीं आपल्या कल्पित हंड्यास शंभर वर्षें भरत होतीं. आतां त्या घराच्या दप्तरांत पुरलेल्या रकमेची याद निघाली, तरी वंशजाचा हक्क चालणार नाहीं.

येथवर कायदा मिताक्षरेहून उदार आहे. परंतु सरकारास निधि स्वतःकडे घ्यावयाचा असल्यास धातूची किंमत व तिचा पंचमांश एवढेंच द्यावें लागतें. दुर्मिळ नाण्याचें मोल चांदीच्या तोळ्यांत कोणता संग्राहक करतो? सराफ अधिक देतो म्हटल्यावर शेतकरी कलेक्टराकडे कशास जाईल?

सन 1906 मध्यें नाशिक जिल्ह्यांत गोदावरीकांठीं जोगलटेंभी येथें नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा निघाला. रेव्हरंड स्कॉट यांनीं तपासलेल्या 13,250 नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली चैत्याची व उज्जयिनीची खूण पुन्हा उठविली होती. क्षहरातांचा उच्छेद केल्याचें नाशिकच्या लेखांत कोरलें होतें, त्यास या ढिगानें साक्ष दिली. नहपानाच्या मुखवट्यांतील फरकही एवढीं नाणीं शेजारीं मांडल्यामुळेंच डोळ्यांत भरला. तींच नाणीं दहा-वीस दुकानांतून सुटीं आलीं असतीं, तर पुन्हा ठोकलेलीं किती व मूळचीं किती, हें प्रमाण कोणास कळलें नसतें.

आमच्या मित्रवर्गांत कोणी नाणें दाखविलें कीं प्रथम राजाचें नांव विचारतात. कलेक्टरास द्यावयाच्या सूचनेंत निधि कोणत्या प्रकारचा, किती, कोठें व कधीं सांपडला, हीं चार कलमें लिहावीं लागतात. बाजारांत घेतलेल्या नाण्याबरोबर यांपैकीं शेवटचीं तीन बहुधा येत नाहींत.