बेथेस्दाचे तळे

* बेथेस्दा : जेरुसलेमच्या मेंढरे दरवाज्याजवळचे तळे (योहान ५). पाच पडव्यांच्या या तळ्याला काही अभ्यासक निव्वळ रूपक समजत. पुढे १९व्या आणि २०व्या शतकांत सेंट ॲन चर्चलगत उत्खनन झाले आणि जोडतळे निघाले : चार बाजूंना चार पडव्या, पाचवी मधल्या बांधावर. हिशेब जुळला.

पाणी हलले की पहिला उतरणारा बरा होतो, अशी तिथली समजूत. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला येशू आधी विचारतो, की बरे व्हायची इच्छा आहे का. प्रश्न खुळाच वाटावा! पण तो माणूस 'हो' म्हणतच नाही. पाण्यात सोडायला कुणी नाही, दुसराच आधी उतरतो, हे रडगाणे गातो. समोरचा कोण, हेही त्याला ठाऊक नसते. तरी तो बरा होतो, बाज उचलून चालू लागतो. आधी श्रद्धा, मग आरोग्य असा क्रम लावणाऱ्या प्रवचनकारांची इथे पंचाईत होते. करुणेला वाव द्यायला त्याच्यापाशी होती ती एवढीच तयारी : सांगितल्यावर उठून पाहण्याची.

देवदूत पाणी हलवतो हे चौथे वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. अनेक आवृत्त्या ते कंसात किंवा टिपेत देतात. वाचकांनी आपली प्रत पाहावी.